आई-बाबा, यंदा बोटीने गोव्याला

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "खर्च किती?" एवढंच विचारतात आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत फोन आईच्या हातात देतात. आई म्हणते, "मुलांना काय हवं ते बघा, आमचं काय!" म्हणून लिहायला बसले. पत्र मध्येच तोडता येत नाही.

नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी सिंगापूरला जायचं, सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज बघायचं, हे जवळजवळ ठरलं होतं. मुलांनी तिथली प्रत्येक राइड यूट्यूबवर बघून पाठ केली आहे. तो बेत मी मोडायला निघाले आहे. दादा-वहिनीशी बोलून झालंय, तुमचे जावई तयार आहेत, मुलांना आठवडाभरात पटवीन. त्याऐवजी जानेवारीच्या अखेरीस मुंबईहून क्रूझ घेऊन गोव्याला जायचं. बोटीने. हो बाबा, बोटीने.

कारण सांगते. खोपोलीच्या इमॅजिकात आपण गेलो होतो तेव्हा आई दिवसभर एका बाकावर होती. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, पायाशी चपलांचा ढीग, एका हातात तीन चष्मे आणि दुसऱ्या हातात धाकटीचं अर्धं खाल्लेलं कणीस. बाबा उन्हात पाण्याच्या बाटल्या आणायच्या रांगेत. संध्याकाळी दोघंही म्हणालात, "छान झालं, मुलांना मजा आली." मुलांना आलीच. पण थीम पार्क म्हणजे दिवसभर चालणं आणि रांगेत उभं राहणं. आईच्या गुडघ्यांना आणि बाबांच्या पाठीला ते सोसणार नाही. बहुतेक मोठ्या राइडवर रक्तदाब, हृदयविकार, पाठदुखी असणाऱ्यांनी बसू नये अशी पाटी असते. धाकटी उंचीच्या पट्टीखाली अडकते ती वेगळीच. म्हणजे आठ माणसांचं विमानाचं भाडं भरून, प्रत्येकाचं तिकीट काढून, तीन जणांना सामान सांभाळायला न्यायचं. मला नाही पटत.

आता बोटीबद्दल. मुंबईहून सध्या ज्या देशी क्रूझ निघतात त्यांतली कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. सप्टेंबर 2021 पासून ती इथे चालते. बोट मात्र जुनी, 1990 सालची, फ्रान्समध्ये बांधलेली. अकरा मजले, लांबी दोनशे मीटरच्या वर. जुनी म्हणून बाबा नाक मुरडतील. पण आजच्या राक्षसी जहाजांपुढे ही लहान आहे आणि ते आपल्या पथ्यावरच पडणार आहे. जेवायच्या जागेपासून खोलीपर्यंत अर्धा किलोमीटर चालावं लागत नाही. लिफ्ट आहेत. मुलांना पोहायचा तलाव आणि चढायची भिंत आहे. मुलं वर धुमाकूळ घालतील, तुम्ही खाली सावलीत चहा घेत समुद्र बघाल, आणि कंटाळा आला की दहा मिनिटांत आपल्या पलंगावर आडवे व्हाल. पार्कात कंटाळा आला तर जायचं कुठे?

बाबा, तुम्ही "रामदास" काढणार हे मला ठाऊक आहे. आजी दर आषाढी अमावस्येला ती गोष्ट सांगायची. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून अधिक माणसं गेली. आजीच्या वाडीतलं त्यात कुणी नव्हतं, तरी तिने ती धास्ती आयुष्यभर बाळगली आणि तुमच्या हाती सोपवली. पण ती बोट भर पावसाळ्यात निघाली होती. क्रूझच्या बोटी पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर चालतच नाहीत, ही एम्प्रेससुद्धा त्या दिवसांत चेन्नईकडे जाते. जानेवारीत अरबी समुद्र शांत असतो, हे रत्नागिरीच्या माणसाला मी काय सांगावं!

शिवाय तुम्ही जन्मभर एसटीत वाहतूक नियंत्रक होतात, तेव्हा नियमांचं तुम्हाला जास्त कळेल. टायटॅनिक बुडाल्यावर 1914 साली देशोदेशींनी बसून समुद्रावरच्या सुरक्षिततेचा करार केला. किती माणसांमागे किती जीवरक्षक नावा, बिनतारी यंत्रणा कशी असावी, सगळं त्यात आलं. पुढे 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली, 32 माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा आपत्तीतला सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला आणि आता तो सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावा लागतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. तुम्ही तिथे आमची शिरगणती करालच, दोनदा.

आणि खरं सांगा, बोट तुम्हाला परकी आहे का? मुंबईला काकांकडे जायचं तर रोहिणी, चंद्रावती, कोकणसेवक याच बोटी होत्या. धक्का नाही अशा बंदरात बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या सगळं वर चढवायचं. शिडीवरच्या खलाशाने दंडाला धरून तुम्हाला वर खेचलं आणि तुमची एक चप्पल पाण्यात गेली, हे आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ती चप्पल कुठल्या पायाची होती तेही सांगू शकते. डेकवर चटई पसरून झोपणाऱ्या त्या पोराला आता खिडकीपाशी पलंग मिळाला तर काय बिघडलं?

आई, तुझा प्रश्न वेगळा आहे. तुला गाडी लागते. आंबा घाटात तुझं काय होतं ते मी बघितलंय. तर ऐक. एसटीत मागच्या सीटवर बसलं की जास्त हिसके बसतात आणि मधल्या सीटवर कमी, तसंच बोटीचं आहे. मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात कमी हलते. तुमची खोली मी तशीच मागणार आहे. वरच्या मजल्यावरची, टोकाची, "काय नजारा आहे" म्हणून विकली जाणारी खोली आपल्याला नको. मोठ्या बोटीला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, तेही डोलणं आवरतात. तरीही मळमळलं तर अॅव्होमिन आहे, पण ती त्रास सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची. तिने झोप येते आणि तुझ्या बीपीच्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेव. आवळासुपारी आणि आल्याचा तुकडा तू घेशीलच.

तुमच्या खोलीला खिडकी हवीच. दादाने बाल्कनीचं विचारलं, पण बाल्कनीच्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, तिथे तुला बरं वाटणार नाही. आम्ही आतल्या, बिनखिडकीच्या खोल्या घेतोय. दिवा बंद केला की तिथे दिवस आहे की रात्र ते कळत नाही, आणि मुलांना नेमकं तेच आवडणार. खोल्या लहान असतात हे आत्ताच सांगून ठेवते, तिथे गेल्यावर "एवढीशी?" म्हणू नका. न्हाणीघर तर आपल्या देवघरापेक्षा थोडंसंच मोठं. दाराशी चांगला उंच उंबरठा असतो, रात्री उठाल तेव्हा त्याला ठेच लागू देऊ नका. कमोड विमानातल्यासारखा, बटण दाबलं की जोरात आवाज होतो, दचकू नका. आंघोळीच्या वेळी बसायला स्टूल मिळेल का ते बुकिंग करतानाच विचारते.

जेवणाची काळजी नाही. देशी क्रूझवर शाकाहारी आणि जैन जेवण असतंच, म्हणजे आईचा कांदा-लसूण न खाण्याचा वारही निभेल. उपवासाचं मात्र सांगता येत नाही, म्हणून कालनिर्णय समोर ठेवून संकष्टी आणि एकादशी टाळूनच तारखा बघितल्या आहेत.

मला न आवडणाऱ्या गोष्टीही लिहिते, नाहीतर बाबा म्हणतील ही एजंटासारखी बोलते. वरच्या डेकवर रात्री उशिरापर्यंत ढणढण गाणी वाजतात. कॅसिनो आहे, बार आहेत, आणि सुट्टीला फक्त प्यायला आलेले पुरुषांचे घोळके असतात. न्याहारीच्या वेळी बुफेपाशी लग्नातल्यासारखी झुंबड उडते, तेव्हा आपण सकाळी लवकर खाऊन घ्यायचं. तुम्हाला तशीही पाचला जाग येते. समुद्रात फोनला रेंज नसते आणि बोटीवरचं वायफाय महाग पडतं. आईच्या मालिकेचे भाग बुडतील. बोटीवरचं कार्ड हीच खोलीची किल्ली आणि तेच उधारीचं खातं, म्हणून मुलांच्या कार्डांवरचा खर्च मी बंद करून घेणार आहे. दोन दिवसांत त्यांनी किती सरबतं प्यायली याचा हिशेब शेवटच्या दिवशी बघायची माझी तयारी नाही.

आता बाबांचा प्रश्न, खर्च. क्रूझचं भाडं माणशी असतं, दोन माणसांची एक खोली धरून. त्याच खोलीत तिसरं-चौथं माणूस घेतलं तर त्याचं भाडं कमी पडतं, म्हणून मुलं आमच्यातच. त्यावर बंदराची फी, जीएसटी आणि सेवकांची बक्षिसी. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यांत चांगलंच अंतर असतं. मी शेवटचाच धरलाय. राहणं, जेवण, बहुतेक करमणूक त्यातच येते. तरीही सिंगापूरपेक्षा बरंच कमी होतंय, कारण विमान नाही, व्हिसा नाही. बाबांच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय, तोही घोर मिटला. देशातल्या देशात जायचं असल्याने आधारकार्ड पुरतं. तुमचे पैसे आम्ही दोघं भावंडं भरणार आहोत. यावर चर्चा नाही.

एक विमा काढते आहे, त्यालाही नाही म्हणू नका. बोटीवर डॉक्टर असतो, पण तो फुकट नसतो.

आई, खरा बेत तर पुढे आहे. बोट मुरगाव बंदराला लागते. काही तारखांना एकेरी तिकीट मिळतं, आपण तेच घेऊ आणि गोव्यातच उतरू. तिथून गाडीने कवळे. शांतादुर्गेची ओटी तुझ्या ऑपरेशनपासून राहिली आहे आणि दर नवरात्रात तू ते बोलून दाखवतेस. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, एक रात्र राहू, सकाळचा अभिषेक सांगू. खाली उतरून तळीपर्यंत जायचा हट्ट मात्र धरू नकोस. दुसऱ्या सकाळी मडगावहून मांडवी एक्सप्रेस. ती दुपारी तुम्हाला रत्नागिरीत सोडेल आणि आम्ही तसेच मुंबईला पुढे जाऊ. गाडीत बटाटेवडे येतातच, मुलांना बोटीच्या बुफेपेक्षा तेच लक्षात राहतील असं मला वाटतं.

मुलांना कसं पटवणार, तर थोरल्याला सांगितलंय की मुंबईहून निघालेली बोट रात्री अंधारात आजोबांच्या रत्नागिरीवरून जाते. तो लगेच नकाशा घेऊन बसला. बोट किनाऱ्यापासून लांबून जाते, दीपगृह दिसेलच असं नाही, हे त्याला सांगितलंय. तरी जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग कुठल्या क्रमाने येतात हे तो तुम्हाला विचारणार आहे. बंदरं पाठ करून ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशीच तुम्ही मुंबईत पोचायचं, दादरला मावशीकडे राहायचं. बोट कुणासाठी थांबत नाही. सुटण्याच्या बरेच तास आधी बॅलार्ड पिअरला हजर व्हायचं असतं आणि ठरावीक वेळेनंतर कुणालाही आत घेत नाहीत. बाबांना हा नियम सगळ्यात आवडेल. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी संध्याकाळपर्यंत केव्हातरी येतात. म्हणून गोळ्या, चष्मे, आईचं गुडघ्याचं तेल आणि बदलायचे एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बॅगेत ठेवलेल्या शुगरच्या गोळ्या जेवणाच्या वेळी उपयोगाच्या नाहीत.

तेव्हा दोन कामं करा. दोघांच्या आधारकार्डांचे फोटो दोन्ही बाजूंनी, सावली न पडू देता, दादाला व्हॉट्सॲपवर पाठवा. आणि तारखा दोन आहेत, 22 जानेवारी किंवा 29 जानेवारी. शेजारच्या वहिनींकडचं हळदीकुंकू कधी आहे ते बघून आईने ठरवावं. रविवारी फोन करते. त्या दिवशी फोन आधी आईनेच घ्यावा.

कळावे, लोभ असावा.

तुमची लाडकी लेक

ता. क. : बाहेरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत. तेव्हा आई, लाडवांचा डबा करायचाच असेल तर मावशीकडे ठेवू. आम्ही मांडवीने परत आल्यावर घेऊन जाऊ. डिंकाचे कर, बेसनाचे दादा संपवतो.