‘थांब’ बटणाबद्दल, चि. सईस

सांगली, रविवार रात्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, “बाबा, हँडल्समध्ये ठेवलेला आकडा पुढच्या बटणाला का सापडत नाही?” आणि मी उत्तर द्यायचं सोडून हिमोग्लोबिन विचारलं. तू फोन ठेवलास. ठीकच केलंस. आई म्हणाली, “पोरगी कामाचं विचारत होती, तुम्ही कशाला डॉक्टर झालात?” म्हणून आज फक्त कामाचं लिहायचं ठरवून बसलोय. ऑफिसच्या जिन्यात तुला चक्कर आली हे तुझ्याकडून नाही, पूर्वाकडून आणि तेही चार दिवसांनी कळलं, याचं मी मनात काही ठेवलेलं नाही. इथे लिहिलं खरं, पण ठेवलेलं नाही.

तर हँडल्स, म्हणजे पडद्यावरच्या खिडकीचे सगळे आकडे ठेवायचं स्ट्रक्चर. मॅटलॅब या आपल्या गणिती प्रोग्रामिंगच्या भाषेत फंक्शनच्या हातात जे स्ट्रक्चर जातं ती त्याची प्रत असते. तुझ्या बटणाच्या कॉलबॅकने, म्हणजे बटण दाबलं की चालणाऱ्या तुकड्याने, त्या प्रतीत आकडा लिहिला, कॉलबॅक संपला, प्रत रद्दीत गेली. वहीची झेरॉक्स काढायची, दुरुस्ती झेरॉक्सवर करायची आणि मग मूळ वही उघडून म्हणायचं, माझं अक्षर कुठे गेलं! कॉलबॅकच्या शेवटी ‘गाइडेटा’ची ओळ लिहिलीस, कंसात आधी एच-ऑब्जेक्ट आणि मग हँडल्स, की दुरुस्त प्रत खिडकीपाशी परत जमा होते. तुझ्या त्या जुन्या फाइलीत कुणीतरी ही ओळ अकरापैकी दोन ठिकाणी विसरलंय, बघ.

आता मुळात हे जुनं लचांड तुझ्या गळ्यात आलंय ते गाइड, म्हणजे मॅटलॅबमधलं खिडक्या बनवायचं जुनं साधन, गेल्यामुळे. आर२०२५ए आवृत्तीतून त्यांनी गाइड काढूनच टाकलं. आधी बनवलेल्या खिडक्या चालतात, पण गाइडमध्ये उघडून बटण इकडचं तिकडे करता येत नाही. २०१६ साली अ‍ॅप डिझायनर हे नवं साधन आलं तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं की म्हाताऱ्याचे दिवस भरले. पण शिक्षक जात अशी, जे पाठ आहे तेच शिकवायचं. मी निवृत्त होईपर्यंत गाइडच शिकवत राहिलो. तुझ्या आधी तिथे बसलेला तो मुलगा कदाचित माझाच विद्यार्थी असेल, आणि त्या दोन विसरलेल्या ओळी माझ्याच खात्यावर.

जुन्या खिडक्यांचं नव्यात रूपांतर करणाऱ्या त्या साधनाने प्रत्येक कॉलबॅकच्या डोक्यावर एक लांबलचक ओळ चिकटवली असेल, ‘कन्व्हर्ट टू गाइड कॉलबॅक आर्ग्युमेंट्स’. ती बघून वैतागू नकोस आणि लगेच उडवूही नकोस. नव्या घरात जुन्या सवयीने वावरता यावं म्हणून केलेली ती सोय आहे. आधी खिडकी चालू दे. मग एकेक आकडा हँडल्समधून काढून अ‍ॅपच्या प्रॉपर्टीत ने. तिथे प्रतींची भानगड नाही, अ‍ॅप एकच असतं, सगळे कॉलबॅक त्याच एकाला हात लावतात. पण अकरा खिडक्या एका आठवड्यात करायच्या नाहीत. तुमच्या साहेबांनी तारीख दिली असेल. तारीख देणाऱ्याला चक्कर येत नाही. रात्री साडेअकराला ऑफिसच्या जिन्यात काय काम असतं ग माणसाचं? जेवली होतीस का त्या दिवशी?

राहू दे. कामाचं.

तुला ती पाण्याची टाकी आठवते का? नसेल, तू चार वर्षांची होतीस. २००५. ओंकारच्या वेळी आई मिरजेला होती, अक्का गावाला, म्हणून तुला मी प्रयोगशाळेत घेऊन जायचो. खालच्या टाकीतून पंप पाणी वर चढवणार, वरच्या टाकीची पातळी कार्डावरून मॅटलॅबमध्ये येणार, आणि पडद्यावर माझी खिडकी: एक आलेख, एक स्लायडर, दोन बटणं. बटणांवर मराठी अक्षरं उमटेनात, नुसते चौकोन दिसायचे. मग इंग्रजी लिपीतच ‘सुरू’ आणि ‘थांब’ लिहिलं. प्रयोगशाळेतल्या मारुतीमामांना ते वाचता यायचं, म्हणून मला फार अभिमान. प्रोजेक्टरवर लावलं तर ‘थांब’ पडद्याच्या कडेबाहेर गेलं, कारण मापं पिक्सेलमध्ये दिली होती. ती नॉर्मलाइज्ड, म्हणजे खिडकीच्या प्रमाणात, केली तेव्हा बटण परत आत आलं. हा झाला पहिला धडा, पण त्या दिवसाचा धडा वेगळाच.

परीक्षेला बाहेरून एक सर आले होते. मी ‘सुरू’ दाबलं. पातळी चढली, आलेख सुंदर वर गेला. ठरलेली रेघ ओलांडून आणखी वर गेला. मी ‘थांब’ दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, चार वेळा दाबलं. बटण आत जाताना दिसेना, खिडकी मख्ख. टाकीच्या काठावरून पाणी आधी ओघळलं आणि मग पडायलाच लागलं. मारुतीमामांनी प्लग उपटला. ते सर बुटांकडे बघत होते, आणि तू बाकावरून उडी मारून त्या पाण्यात उभी राहिलीस आणि ओरडलीस, “बाबा, पूर आला!” त्याच पावसाळ्यात कृष्णा गावात शिरली होती ना, पूर हा शब्द तू नुकताच शिकली होतीस.

चूक अशी. ‘सुरू’च्या कॉलबॅकमध्ये मी एक व्हाइल लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, घातलं होतं. लूप फिरतंय तोवर मॅटलॅबला मान वर करायला फुरसत नाही. ‘थांब’ दाबल्याची नोंद रांगेत उभी राहते, एक, दोन, चार, पण लूप संपल्याशिवाय ती रांग कुणी बघत नाही. लूपमध्ये ‘ड्रॉनाउ’ लिहिलं की दर फेरीला मॅटलॅब क्षणभर थांबून रांग बघतं. मी त्या रात्री ते घातलं आणि पुन्हा चालवलं. तरी थांबेना! पहाटे तीनला उजेड पडला: ‘थांब’ने खूण बदलली ती मूळ वहीत, आणि लूप बघत होतं आपल्या जुन्या झेरॉक्सकडे. दर फेरीला गाइडेटाकडून ताजी प्रत मागून घ्यायला हवी होती. तेव्हापासून प्रत्येक बॅचला मी हे इतक्यांदा सांगितलं की पोरांनी माझं नाव ‘ड्रॉनाउ सर’ ठेवलं. मॅटलॅबसारख्याच ऑक्टेव्ह या मोफत प्रोग्रामला तरी जॉन ईटनने आपल्या प्राध्यापकांचं, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं नाव मानाने दिलं. माझ्या वाट्याला हे.

सांगायचा मुद्दा, माणूस असो की... नाही, प्रोग्रामच. लूप आपल्याच नादात फिरत राहतं आणि बाहेरून कुणी कितीही दाबलं तरी आत पोचत नाही. हे मी प्रोग्रामबद्दलच लिहितोय.

तू लूप वापरूच नकोस. टायमर वापर. दर अर्ध्या सेकंदाला एक छोटं काम करायचं आणि मोकळं व्हायचं, मधल्या वेळात बटणं ऐकता येतात. मात्र खिडकी बंद होताना टायमर थांबवून पुसून टाक, क्लोज-रिक्वेस्टमध्ये. नाहीतर खिडकी गेली तरी तो मागे चालत राहतो आणि कमांड विंडोत तांबड्या अक्षरांत बोंबलत बसतो. आणि तुमच्या टेस्ट रिगवर तो लाल मशरूमसारखा इमर्जन्सी स्टॉप आहे ना, तारेने जोडलेला? पडद्यावरचं ‘थांब’ कितीही चांगलं केलंस तरी तो काढू देऊ नकोस. मारुतीमामा प्रत्येक ठिकाणी नसतात.

तू पाठवलेला नव्या खिडकीचा फोटो मी मोबाइलच्या पडद्यावर ठेवलाय. आमराईत फिरायला येणाऱ्या सगळ्यांना दाखवून झाला. कुलकर्णी सर म्हणाले, “बटणं फार मोठी वाटतात.” मी म्हणालो, “माणसं हातमोजे घालून काम करतात हो तिथे, तिने जाऊन बघितलंय.” हे मी कुणाला शिकवलं नव्हतं, सई. मी टेबलाशी बसून बटणं काढली. तू शॉप फ्लोअरवर चार दिवस उभी राहून मग काढलीस. (चार दिवस उभी. बसायला स्टूल देत नाहीत का?)

दोन गोष्टी खटकल्या, सांगतो. दाबाच्या आकड्याला तू साधी मजकुराची चौकट ठेवली आहेस आणि ‘स्ट्र-टू-डबल’ने आकडा करतेस. कुणी ‘१२ बार’ असं लिहिलं तर ते नॅन, म्हणजे ‘हा आकडा नाही’, असं देईल, ते तुला कळेल, पकडता येईल. पण तुमच्याकडे जर्मनीहून माणसं येतात. ते दशांशाला स्वल्पविराम देतात. त्याने साडेबारा म्हणून बारा, स्वल्पविराम, पाच लिहिलं, तर स्ट्र-टू-डबल तो स्वल्पविराम हजाराचा समजून गिळतं आणि निमूटपणे १२५ देतं. साडेबाराच्या जागी सव्वाशे बार, आणि कुठे लाल अक्षर नाही, काही नाही. अंकांची चौकट घे, तिला लिमिट्स घाल. दुसरं, स्लायडर सरकवतानाच आकडा हलावा असं वाटत असेल तर व्हॅल्यू-चेंजिंगमध्ये इव्हेंटकडची किंमत वाच. स्लायडरला विचारलंस तर तो बोट उचलेपर्यंत जुनीच सांगत राहतो.

निमूटपणे चुकीचं चालू राहणं, त्याचीच मला भीती आहे. राजूही “काही नाही रे, जरा थकवा” असंच म्हणायचा. तेव्हा कुणी रक्त तपासायला पाठवलं नाही, मीसुद्धा नाही. तू राजू नाहीस, माहीत आहे. हिमोग्लोबिन ७.८ म्हणजे गोळ्यांनी भरून येतं, डॉक्टर म्हणाले, पूर्वाने सांगितलं. मी हे लिहिणार नव्हतो. दर परिच्छेदात तेच येतंय, पुसावं म्हटलं तर निम्मं पत्र पुसावं लागेल. माफ कर.

आईने अळिवाचे लाडू केलेत, बुधवारी रातराणीने पाठवतोय, स्वारगेटला पूर्वाच उतरवून घेईल. दिवसाला एक, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको. ओंकारचे पेपर चालू आहेत म्हणून त्याला काही सांगितलेलं नाही. आमचं इकडे बरं आहे.

गाइडेटाची ती ओळ घातल्यावर चाललं की नाही तेवढं कळव.

तुझा,
बाबा

ता. क. आईने विचारलं, फेरिटिन म्हणजे काय. मी म्हणालो, मला काय माहीत. तो आकडा आला की मला पाठव, तिला नको.