आई-बाबा, मी एलएमयूला जाते आहे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर हे सगळं नीट बोलून होत नाही. बाबा लगेच कागद-पेन घेऊन हिशेबाला बसतात, आई मागून म्हणते, “अहो, तिला बोलू तर द्या,” आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहिते आहे. मास्टर्ससाठी जर्मनीतल्या म्युनिकमधल्या दोन विद्यापीठांपैकी मी एलएमयू, म्हणजे लुडविग-मॅक्सिमिलियन विद्यापीठ, घ्यायचं ठरवलं आहे. टीयूएमची, म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठाची, जागा सोडते आहे. आणि विट्याच्या रस्त्यावरचा प्लॉट विकायचा नाही.

बाबा, “नाव मोठं ते घे, पैशाचं मी बघतो,” असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला काही बोलताच आलं नाही. टीयूएमबद्दल तुम्ही जे ऐकलंय ते खरंच आहे. १८६८ साली सुरू झालेलं हे तंत्रविद्यापीठ आहे आणि रुडॉल्फ डिझेल तिथेच शिकला. आपल्या विहिरीवरचं जुनं इंजिन ज्याच्या नावाने ओळखतो, तोच हा डिझेल. बऱ्याच जागतिक क्रमवाऱ्यांतही ते एलएमयूच्या वर असतं, मोठ्या कंपन्यांशी त्याचे संबंध घट्ट आहेत. मला इंजिनिअरिंग करायचं असतं, तर मी दुसरा विचारही केला नसता.

पण मला शिकायचं आहे संख्याशास्त्र. टीयूएममध्ये मला मिळालेला अभ्यासक्रम गणित विभागाचा आहे. त्यात डेटा आहे, पण भर सिद्धान्तावर आणि संगणनावर. एलएमयूत संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तिथे नमुना कसा निवडायचा, माहितीतल्या गाळलेल्या जागांचं काय करायचं, एखाद्या गोष्टीमुळेच दुसरी घडली असं कधी म्हणता येतं, या प्रश्नांवर माणसं आयुष्यभर काम करतात. पाच वर्षं मी आरोग्यविम्याचे दावे तपासणारी संगणकावरची मॉडेलं बनवते आहे. मॉडेल ‘नाही’ म्हणतं तेव्हा पलीकडे कुणाची तरी अँजिओप्लास्टी असते. ते ‘नाही’ किती खात्रीचं आहे, हे मला सांगता येत नाही, आणि ऑफिसात कुणी विचारतही नाही. तेवढं शिकायला मी नोकरी सोडते आहे. मग जिथे ते सगळ्यात नीट शिकवतात तिथेच जायला हवं ना?

शिवाय या दोन संस्था वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. मशीन लर्निंगचं म्युनिकमधलं मोठं संशोधन केंद्र दोघींनी मिळून चालवलेलं आहे. सैद्धान्तिक भौतिकशास्त्राचा एक मास्टर्सही त्या एकत्रच शिकवतात. यू-६ नावाची मेट्रो एलएमयूच्या दारावरून जाते आणि उत्तरेला टीयूएमच्या गारखिंग कॅम्पसपाशीच संपते. तिकडचं एखादं व्याख्यान ऐकायचं झालं, तर त्याच गाडीत बसायचं.

आता पैसे. २०२४च्या हिवाळी सहामाहीपासून टीयूएम युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांकडून फी घेतं. मास्टर्सला अभ्यासक्रमाप्रमाणे सहामाहीला ४ किंवा ६ हजार युरो. युरो शंभर रुपयांचा धरला तर दोन वर्षांचे १६ ते २४ लाख, आणि राहणं-खाणं वेगळं. एलएमयूत शिकवणीची फी नाही. विद्यार्थी-सेवांची वर्गणी भरायची, तीही सहामाहीला शंभर युरोंच्या आत. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून दाखवावे लागतात आणि तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. तेवढे माझ्या बचतीत आहेत, थोडे वरही आहेत. म्युनिकमध्ये भागणार नाही तेवढ्यात, हे मला माहीत आहे. जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर आहे ते, खोलीच सातशे-आठशे युरोंना पडते. पण विद्यार्थ्यांना वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते आणि माझ्या हातात पाच वर्षांचा अनुभव आहे. दुसऱ्या वर्षाला कमी पडलंच, तर लहानसं कर्ज मी माझ्या नावावर काढेन.

तो प्लॉट तुम्ही निवृत्तीच्या पैशांतून घेतलात. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आज ना उद्या करावं लागणार आहे, तुमच्या डोळ्यांचं या दिवाळीनंतर आहेच. मी सहा हजार किलोमीटरवर असताना तुमच्या हाताशी काही नसेल, तर माझं अभ्यासात लक्ष लागणार नाही. हा त्याग नाही बाबा. फी दोन्हीकडे सारखी असती तरी मी एलएमयूच म्हटलं असतं.

“नाव कुणी ऐकलेलं नाही,” हे एलएमयूबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला मनापासून खोडायचं आहे, कारण तुम्ही इतिहासाचे शिक्षक. हे विद्यापीठ १४७२ सालचं, इंगोलश्टाटला सुरू झालेलं, १८२६ पासून म्युनिकमध्ये. भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल क्ष-किरण शोधणाऱ्या रॉंटगेनला मिळालं तेव्हा तो इथे प्राध्यापक होता. प्लांकची आणि हायझेनबर्गची डॉक्टरेट इथलीच. पण मला सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही वर्गात दुसरं महायुद्ध शिकवायचात तेव्हा हमखास विचारायचात की जर्मनीत कुणीच कसं बोललं नाही. बोलले होते. १८ फेब्रुवारी १९४३ला हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी याच इमारतीत हिटलरविरोधी पत्रकं वाटली, वरच्या मजल्यावरून खालच्या चौकात टाकली. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांना पकडून दिलं. चार दिवसांत दोघांना मारलं. सोफी २१ वर्षांची होती. त्यांच्या गटातले प्राध्यापक कुर्ट हुबर यांनाही पुढे मृत्युदंड झाला. आज विद्यापीठासमोरच्या चौकाला शोल भावंडांचं नाव आहे, रस्त्यापलीकडच्या चौकाला हुबरांचं, आणि फरसबंदीत त्या पत्रकांच्या प्रतिकृती बसवलेल्या आहेत. तुम्ही याल तेव्हा आधी तिथेच नेणार आहे तुम्हाला.

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं. शिकवणं इंग्रजीत आहे, पण मी जर्मनचा क्लास सोडलेला नाही. वसतिगृहासाठी थांबावं लागतं, म्हणून पहिले काही महिने भाड्याची खोली दुसऱ्या मुलींबरोबर वाटून घेईन. थंडीचे कपडे तिकडेच घेईन, इथून स्वेटरचं ओझं देऊ नकोस. गोडा मसाला मात्र दे, भरपूर.

टीयूएमच्या फीमाफीचं उत्तर येईपर्यंत वर्षभर थांबावं, असं बाबांनी सुचवलं. तेही नको. मी अठ्ठावीस पूर्ण केली आहेत. तिथे विद्यार्थ्यांच्या दराचा सरकारी आरोग्यविमा तिशीपर्यंतच मिळतो, त्यानंतर तो बराच महाग पडतो. यंदा गेले तर बहुतेक अभ्यास त्या दरात बसतो.

प्लॉटच्या एजंटला आजच फोन करून नाही म्हणा. तो टोकन घेऊन येण्याआधी. एलएमयूला होकार कळवायची मुदत या महिनाअखेरची आहे. तुम्हाला अजून काही विचारायचं असेल तर विचारा, मी शनिवारी सकाळच्या गाडीने कराडला येते. होकाराचा फॉर्म आपण तिघं मिळून भरू.

तुमची,
मनू