निविदेला सूट आहे, नातेसंबंध सांगण्याला नाही

महोदय,

सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारात मी 29 वर्षे नोकरी केली. शेवटची काही वर्षे खरेदी समितीवरही होते. निवृत्त झाले तरी एक कागद डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

कोविडचे दिवस होते. रात्री साडेनऊला समितीची बैठक लागली. हातमोजे आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तातडीने घ्यायचे होते. लिपिकाने प्रत्येकापुढे एक छापील घोषणापत्र सरकवले. ‘पुरवठादार’ या शब्दापुढे ठिपक्यांची रेघ, आणि खाली ‘यांच्याशी माझा अथवा माझ्या कुटुंबीयांचा कोणताही आर्थिक हितसंबंध नाही.’ नाव कुठाय, असे मी विचारले. ‘मॅडम, दर आले की भरतो. तुम्ही सही करून ठेवा, पेशंट खोळंबलेत.’ पेशंट खरोखरच खोळंबले होते. मी सही केली. ठिपक्यांवर नाव आले ते दुसऱ्या दिवशी, आणि मग कळले की ज्या एजन्सीला पुरवठा आदेश गेला तिचा मालक समितीतल्याच एका सदस्याचा सख्खा मेहुणा आहे. माल वेळेवर आला. दर वाजवी होता का? सांगता येत नाही, कारण दुसरा दर मागवलाच नव्हता.

मी हा विषय काढला तेव्हा दोन उत्तरे मिळाली. पहिले, ‘आपत्ती कायद्यात सगळे माफ असते.’ हे खरे नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 चे कलम 50 मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. तातडीने खरेदी करणे आवश्यक आहे अशी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची खात्री पटली, तर निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ झाली असे मानले जाते. माफ होते ती निविदा. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांना त्या कलमाने हातही लावलेला नाही. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, 2017 पाहा. त्यातला नियम 166 आणीबाणीत एकाच पुरवठादाराकडून खरेदीची मुभा देतो, पण कारण लिहून ठेवा आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, असेही तिथेच सांगतो. आणि नियम 175 मध्ये हितसंबंध उघड करण्याची अट आहेच.

दुसरे उत्तर ऐकून मी गप्प झाले. ‘मेहुणा कुटुंबात येतो कुठे?’ खरेच येत नाही! केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत आणि त्याच धर्तीवरच्या महाराष्ट्राच्या 1979 च्या नियमांत कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुले, आणि त्यापलीकडे रक्ताचे वा लग्नाचे जे नातेवाईक कर्मचाऱ्यावर पूर्णपणे अवलंबून आहेत तेवढेच. स्वतःची एजन्सी चालवणारा मेहुणा कुणावर अवलंबून असणार? म्हणजे त्या सदस्याने केलेली सही नियमाच्या भाषेत खोटी ठरत नाही. साडू, व्याही, भाचा, जावई, भावजय ही सगळी नाती व्याख्येच्या बाहेर बसून कंत्राटे घेऊ शकतात. मला वाटते, खरे भोक इथे आहे.

अपवाद नकोत असे माझे मुळीच म्हणणे नाही. पावसाळ्यात सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा साठा संपत आला की भांडारातल्या माणसाची झोप उडते. तेव्हा तीन दरपत्रके कोण मागत बसणार? पण काही अपवाद आपोआप उद्भवत नाहीत, ते घडवले जातात. प्रयोगशाळेला एखादी कंपनी रक्ततपासणीचे यंत्र ‘मोफत’ देते. त्या यंत्राला फक्त तिचेच रीएजंट, म्हणजे तपासणीची रसायने, चालतात. मग दर वर्षी ‘हा माल फक्त याच कंपनीकडे मिळतो’ असे प्रोप्रायटरी प्रमाणपत्र जोडून रीएजंटची खरेदी विनास्पर्धा होते आणि फाइल नियमात चोख बसते. यंत्र स्वीकारायची शिफारस कोणी केली होती, हे तोवर कुणाच्या लक्षातही नसते.

ब्रिटनमध्ये 2020 मध्ये मंत्री, खासदार, अधिकारी यांच्या शिफारशीने आलेल्या पीपीई (संरक्षक पोशाख, हातमोजे, मास्क) पुरवठादारांसाठी वेगळी रांग होती. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला. त्या रांगेतल्या 493 पैकी 47 जणांना कंत्राटे मिळाली, साध्या रांगेतल्या 14,892 पैकी फक्त 104 जणांना. जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ती रांग बेकायदा ठरवली. आपल्याकडे असा हिशेब मांडायचा तर कोण कुणाचा कोण, हे आधी कागदावर यायला हवे.

त्याला वेळ लागतो, ही सबब मला पटत नाही. फार पूर्वी आमच्या एका शल्यचिकित्सकांनी भर बैठकीत सांगितले, ‘या फर्ममध्ये माझी भावजय भागीदार आहे,’ आणि ते उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. इतिवृत्तात एक ओळ वाढली. उरलेल्या चौघांनी निर्णय घेतला आणि डॉक्टर आत येऊन पुढच्या विषयाला बसले. सगळे मिळून दहा मिनिटेही गेली नसतील.

महाराष्ट्रात आता 2023 च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झाले आहे. प्राधिकरणाला आणि आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की घोषणापत्राचा नमुना बदला. पुरवठादाराचे नाव भरल्याशिवाय त्यावर सही घेऊ नका, आणि सहीखाली तारखेबरोबर वेळही लिहायला लावा. ‘कुटुंबीय’ या शब्दाऐवजी नाती एकेक करून छापा, अवलंबून असोत वा नसोत. निविदेविना झालेल्या प्रत्येक खरेदीचा आदेश, त्याचे कारण आणि कोणता सदस्य बाजूला झाला, हे महिन्याभरात संकेतस्थळावर टाका. सूट किती तारखेपर्यंत आहे, हे त्या आदेशातच लिहा. आम्ही घेतलेली ती सूट कधी संपली, हे मला निवृत्त होईपर्यंत कोणीही सांगू शकले नाही.

– एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी