नॉर्वे राहू द्या, आमच्या सोसायटीचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला नॉर्वेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांची शैली छान आहे, फोटोही सुरेख होता. बर्फात उभी असलेली निळी गाडी आणि मागे लाकडी घर. त्या घराच्या भिंतीतून निघून गाडीत शिरलेली चार्जिंगची वायरही फोटोत स्पष्ट दिसत होती. लेखात मात्र त्या वायरीबद्दल एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या शंभर नव्या गाड्यांपैकी जवळजवळ एकोणनव्वद इलेक्ट्रिक होत्या, हे खरं आहे. पण तिथून लेखक थेट आपल्या 'मानसिकते'वर येतात. आपली मानसिकता बदलत नाही, म्हणून आपण इलेक्ट्रिक गाडी घेत नाही म्हणे. अहो, त्या देशाची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या घरात. आमचा पुणे जिल्हा २०११ च्या जनगणनेतच चौऱ्याण्णव लाखांचा होता. तिथे पेट्रोलच्या गाडीवर वर्षानुवर्षं जबर कर होता आणि इलेक्ट्रिक गाडीला २००१ पासून विक्रीकरात सूट. तिथल्या माणसानं इलेक्ट्रिक गाडी घेतली ती मानसिकतेपोटी नव्हे, हिशोब करून. हिशोब आम्हालाही येतो.

तर हिशोबाचीच गोष्ट. लेखासोबतच्या चौकटीत इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला दीड-दोन रुपयांत धावते असं दिलंय आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात लिहिलंय, 'घरगुती चार्जिंग गृहीत धरले आहे.' ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. गृहीत धरले आहे! आमच्या घरात गेले कित्येक महिने त्या एका गोष्टीवरून जे चाललंय, ते यांनी एका ओळीत गृहीत धरून टाकलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. सहकारनगर, कोथरूड, बाणेर, कधी हडपसर, असं शहरातल्या शहरात रोज चाळीस-पन्नास किलोमीटर होतं. इलेक्ट्रिक गाडी माझ्यासारखीनं नाही घ्यायची तर कुणी? सिग्नलला थांबलं तरी इंधन जळत नाही, क्लच दाबून दाबून माझाच गुडघा जात नाही, दुपारच्या उन्हात पाच मिनिटं एसी लावून बसलं तरी जिवाला घोर नाही. गाडीबद्दल माझी तक्रारच नाही. शहरात एका युनिटला सात किलोमीटर आरामात जाते. जुनी पेट्रोलची गाडी लिटरला तेरा द्यायची, म्हणजे आजच्या भावानं किलोमीटरला आठ रुपये. घरी चार्ज केलं तर हीच गाडी पावणेदोन रुपयांत पडते. घरचं बिल तीनशे युनिटांच्या पुढे जातं आणि तिथला दर वरचा असतो, ते धरलं तरी अडीच. बाहेरच्या फास्ट चार्जरवर जीएसटीसकट पंचवीस रुपये युनिट मोजलं की साडेतीन रुपयांच्या वर.

आता एकाच मॉडेलची छोटी गाडी पेट्रोलमध्ये आणि इलेक्ट्रिकमध्ये घेतली तर किमतीत अडीच-तीन लाखांचा फरक पडतो. घरी चार्जिंग असेल तर तो फरक पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास वसूल होतो, माझ्या फिरण्यात चार वर्षांच्या आत. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात, तेव्हा सौदा बरा आहे. बाहेरच चार्ज करायचं ठरलं तर हेच गणित सत्तर हजारांकडे सरकतं. शिवाय चार्जरवर ताटकळण्याचा वेळ वेगळा, आणि माझ्या धंद्यात वेळ म्हणजे एक पेशंट कमी. जो माणूस फक्त रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी खायला गाडी काढतो, त्याचे पैसे आयुष्यात वसूल व्हायचे नाहीत. त्यानं खुशाल पेट्रोलची घ्यावी. त्याची मानसिकता काढू नये.

जाता जाता एक. चौकटीतल्या पेट्रोल गाड्यांच्या किमती २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या दिसतात. त्या दिवशी छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला आणि इलेक्ट्रिकचा ५ टक्क्यांवरच राहिला. म्हणजे पेट्रोलची गाडी स्वस्त झाली आणि दोन्हींच्या किमतींतलं अंतर कमी झालं नाही, वाढलं. जुना तक्ता छापून नवी मानसिकता मागायची, हे बरं नव्हे.

आता माझ्या पार्किंगबद्दल. गाडीसोबत कंपनीनं घरी बसवायचा चार्जर दिला. तो आजही खोक्यात, माळ्यावर, पितळी घंगाळाच्या शेजारी आहे. बसवायला आलेल्या मुलानं मीटर रूम पाहिली, केबल कुठून न्यायची ते पाहिलं, फूटपट्टीनं मोजून कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, सोसायटीची एनओसी काढून ठेवा, मी दोन तासांत लावून देतो." वीज कार्यालयात वेगळ्या मीटरची चौकशी केली. तिथेही तेच उत्तर, एनओसी आणा, म्हणजे सोसायटीची हरकत नसल्याचं पत्र. मला वाटलं, एक अर्ज दिला की झालं. पार्किंग माझ्या नावावर, मीटर माझं, केबल माझी, बिल माझं.

मॅनेजिंग कमिटीनं अर्ज 'विचाराधीन' ठेवला. मग सर्वसाधारण सभेत विषय आला. कायद्यानं ही सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते म्हणून तरी ती होते. पहिला आक्षेप आगीचा. २०२२ साली पुण्यात भर रस्त्यात पेटलेल्या एका स्कूटरचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर अजून फिरतो. माझ्या अर्जानंतर तो ताज्या बातमीसारखा पुन्हा आला. त्या वर्षी लागलेल्या आगींनंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, हे मी छापील कागदानिशी सांगितलं. कागद कुणी हातात घेतला नाही. बरं, आगीची एवढी धास्ती असलेल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली काय आहे? तीन वर्षांची रद्दी, कुणाच्या तरी गाद्या आणि गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल, ज्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ते सांस्कृतिक असल्यामुळे पेटत नसावं.

दुसरा आक्षेप, मी कॉमन मीटरवरून वीज घेईन. याला उत्तर देणं मला कमीपणाचं वाटलं, तरी दिलं.

खरं कारण सेक्रेटरींनी सभा संपल्यावर सांगितलं, बिस्किटाची बशी पुढे करत. "वहिनी, गाडी झकास आहे हो तुमची. पण आज तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील."

सगळे मागतील! सरकार अनुदानं जाहीर करतं, धोरणं आणतं, तुम्ही पुरवण्या काढता, ते सगळे मागावेत म्हणूनच ना? आणि खरोखर सगळ्यांनी मागितलं तर इमारतीचा वीजभार वाढवून घ्यावा लागेल, त्याचा खर्च कसा वाटायचा हा प्रश्न येईल, हे मलाही कळतं. १९८९ सालच्या इमारतीची वायरिंग काय लायकीची आहे ते लिफ्ट बंद पडल्यावर आम्हा सगळ्यांनाच कळतं. पण त्यावर सभेत चकार शब्द नाही. तो बोलायला अवघड विषय आहे, व्हिडिओ पाठवणं सोपं.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की घरच्या सध्याच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. मी त्याही नेऊन दाखवल्या. कमिटीतले एक काका, निवृत्त अधिकारी, चष्मा पुसत म्हणाले, "सूचनाच आहेत ना, सक्ती कुठे आहे?" त्यांचं तरी काय चुकलं?

इथे तुमच्या लेखकमहाशयांना मनापासून विचारते, नॉर्वेचं सगळं सांगितलंत, मग हे का गाळलंत? तिथे २०१८ पासून लागू असलेल्या सदनिकांच्या कायद्यात फ्लॅटधारकाला आपल्या पार्किंगच्या जागी चार्जिंगची सोय करायचा हक्क आहे. मंडळाला नाही म्हणायचं असेल तर सबळ कारण द्यावं लागतं. 'उद्या सगळे मागतील' हे सबळ कारणात बसत असेल असं वाटत नाही. आमच्याकडे नव्या इमारतींसाठी नियम आले आहेत, पण जे जुन्या इमारतींत राहतात, त्यांचं काय?

सरकारला वेगानं काम करता येत नाही असंही नाही. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि महिना संपायच्या आत तो मागे घेत असल्याची घोषणा विधान परिषदेत झाली. तीस लाखांवरच्या गाड्या! त्यानंतर आलेल्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी. फार छान. मला सहकारनगरहून कर्वे पुतळ्यापर्यंत जाताना अटल सेतू लागत नाही.

सध्या माझं कसं चाललंय ते सांगते. रात्री कामं आटपल्यावर फास्ट चार्जर गाठायचा. एकाला एक ॲप, दुसऱ्याला दुसरं, प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवायचे. पोचावं तर चार्जरच्या जागेत कुणाची तरी डिझेलची एसयूव्ही लावलेली, 'दोनच मिनिटं ताई' असं म्हणून मालक पाणीपुरीकडे. खरा आधार आहे तो कोथरूडच्या एका आजींचा. त्यांचा गुडघा बदललाय. बंगल्याच्या पोर्चमध्ये पंधरा अँपचा पॉइंट आहे. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं, उभीच आहे ना तुझी गाडी, मग लाव की." त्यांचे व्यायाम आणि नंतरच्या गप्पा होईपर्यंत तासाभरात तीन युनिटं गाडीत जातात, म्हणजे वीस किलोमीटर. पैसे घेत नाहीत, म्हणून मी फीमधून वजा करते, त्यावर त्या रागावतात. ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना जे कळतं ते आमच्या कमिटीला कळेना, आणि लेख मात्र मानसिकतेवर.

तेव्हा संपादकसाहेब, दोन विनंत्या. किमतींचा तक्ता सुधारून पुन्हा छापावा आणि त्यात ज्यांना घरी चार्जिंग मिळत नाही त्यांच्यासाठी वेगळा रकाना करावा. आणि पुढचा लेख नॉर्वेवर न लिहिता सहकार खात्याला एक साधा प्रश्न विचारून लिहावा. सभासदाला स्वतःच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चानं, नियमानुसार चार्जर लावायचा असेल तर सोसायटीला तो किती दिवस 'विचाराधीन' ठेवता येतो? उत्तर आलं की कात्रण मी नोटीस बोर्डावर लावीन. त्याला एनओसी लागत नाही, मी विचारून घेतलंय.

कळावे,
एक वाचक, सहकारनगर, पुणे

ता. क. : आमच्या ह्यांची पेट्रोल गाडी २०१३ ची आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. मायलेज थोडं घटतं हे सरकारलाही मान्य आहे, पण पंपावरचा भाव काही त्या प्रमाणात घटला नाही. ह्यांचं म्हणणं, माझ्या गाडीवर तुम्ही पुरवणी काढता, त्यांच्यावर निदान एक कॉलम तरी काढा. आणि पुरवणीच्या मागच्या पानभर इलेक्ट्रिक गाडीची जाहिरात होती, तिचा लेखाशी काही संबंध नसावा, असं मी त्यांना सांगितलंय.