कुडचीचे वांगे, सरकीचे तेल आणि आपण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुकीय बदल केलेल्या अन्नासंबंधी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नुकतीच दोन पत्रे वाचली. एका पत्रलेखकांच्या मते असे अन्न म्हणजे निव्वळ विष आहे आणि ते खाणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या पंगू होणार आहेत. दुसऱ्यांच्या मते शंका काढणारा प्रत्येक जण विज्ञानाचा वैरी आहे. दोघांनीही एका पिकाचे नाव घेतलेले नाही, हे मला खटकले. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो असून आता घरची दीड एकर जमीन कसतो. तिच्यात दर वर्षी पाच-सहा गुंठे वांगी असतात, म्हणून वांग्यापासूनच सुरुवात करतो.

वांगी लावणाऱ्याला शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीची ओळख करून द्यावी लागत नाही. कोवळा शेंडा मान टाकतो. तो खुडून उभा चिरला की आत गुलाबीसर अळी सापडते. फळात शिरली तर बाहेरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि वांगे कापल्यावर काळपट विष्ठेने भरलेली वाट थेट देठापर्यंत गेलेली असते. एकदा आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही, त्यामुळे ती शिरण्याआधीच मारायची या घाईने दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंप पाठीवर घ्यावा लागतो, आणि तोडणीच्या आदल्या संध्याकाळीही फवारणारे आमच्याकडे आहेत. घरच्या भाजीसाठी मात्र बांधाकडेची चार झाडे राखलेली असतात, त्यांच्यावर पंप फिरत नाही. माझाही फिरत नाही. बाजारातल्या वांग्याविषयी आमचे खरे मत काय आहे, ते त्या चार झाडांवरून कळावे.

या अळीवर उपाय म्हणून बीटी वांगे तयार झाले. मातीत आढळणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच थोडक्यात बीटी, हा जिवाणू अळीला मारक ठरणारे एक प्रथिन बनवतो, आणि या जिवाणूचीच फवारणी सेंद्रिय शेती करणारेही कित्येक वर्षे करीत आलेले आहेत. ते प्रथिन बनवण्याची सूचना ज्यात असते ते क्राय-१-एसी नावाचे जनुक वांग्याच्या पेशीत घातले की झाडच ते प्रथिन बनवू लागते आणि कुरतडणारी अळी मरते. अळीचे आतडे अल्कधर्मी असते व त्याच्या अस्तरावर हे प्रथिन चिकटून बसेल अशा ठरावीक जागा असतात. तेथे ते छिद्रे पाडते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते, तेथे ते इतर प्रथिनांसारखेच पचते, आणि तशा जागा आपल्या आतड्यात नसतात. ‘अळी मरते तर माणूस कसा वाचेल’ हा पहिल्या पत्रातील प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण कडुनिंबाच्या अर्काविषयी तो आपण कधी विचारलेला नाही.

हे जनुक ज्या वाणांत घातले गेले, त्यांत धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडील मालापूर लोकल, मांजरी गोटा, उडुपी लोकल आणि कुडची लोकल हे वाण होते. कुडची म्हणजे आपल्याच रायबाग तालुक्यातली, कृष्णाकाठची. साऱ्या देशात गाजलेल्या या वादाच्या मुळाशी आपल्या जिल्ह्यातले एक वांगे होते, ही गोष्ट येथील किती वाचकांना ठाऊक आहे, याविषयी मला शंका आहे. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीला स्थगिती दिली, ती आजतागायत कायम आहे. त्या सात शहरांपैकी आपल्या राज्यातले शहर बंगळूर, म्हणजे येथून रात्रभराचा प्रवास. कुडचीच्या वांग्याविषयी कुडचीत जाऊन कोणी काही विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बांगलादेशाने मात्र हेच जनुक असलेल्या आपल्या चार वाणांना ऑक्टोबर २०१३ मध्ये परवानगी दिली, २०१४ च्या आरंभी वीस शेतकऱ्यांना रोपे दिली, आणि तेथे फवारणी लक्षणीय कमी झाल्याचे पुढील पाहण्यांत आढळले.

माणसाने जनुकात हात घालणे हेच निसर्गविरोधी आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी आमच्या भागातील रताळ्याचे उदाहरण देतो. शास्त्रज्ञ झाडात नवे जनुक पोहोचवण्यासाठी पुष्कळदा ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूचा उपयोग करतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लागवडीखालील रताळ्यांचे २९१ नमुने तपासले गेले, आणि त्या सर्वांत या जिवाणूची जनुके सापडली. ती कोणत्याही प्रयोगशाळेत घातलेली नव्हती. फार पूर्वी निसर्गातच ती शिरली आणि माणसाने पिढ्यान्‌पिढ्या तीच रताळी निवडून वाढवली. नवरात्रात आपल्याकडची रताळी ट्रक भरभरून बाहेर जातात आणि उपवासाला निःशंक मनाने खाल्ली जातात. तेव्हा ‘परके जनुक’ या दोन शब्दांनीच घाबरून जाण्याचे कारण नाही.

याचा अर्थ धोका नसतो असा मुळीच नाही. सोयाबीनचे पोषणमूल्य वाढवण्यासाठी त्यात ब्राझील नट या कवचफळाचे जनुक घालण्यात आले होते. त्या फळाची ॲलर्जी असणाऱ्या माणसांना हे सोयाबीनही बाधेल, असे चाचणीत स्पष्ट झाले. १९९६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. हे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. मला त्यातून इतकेच दिसते की जनुक कोठून घेतले आणि कोणत्या पिकात घातले यावर सारे अवलंबून आहे, म्हणून प्रत्येक पिकाची तपासणी स्वतंत्र व्हायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, तेव्हा बाजारात असलेल्या अशा पिकांपासून माणसाच्या आरोग्याला इतर अन्नापेक्षा अधिक धोका असल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना आढळला नाही. तो निष्कर्ष त्या पिकांपुरता आहे. उद्या येणाऱ्या पिकाला तो आपोआप लागू होत नाही.

माझी खरी काळजी ताटापेक्षा शिवाराची आहे, आणि ती कापसाने शिकवलेली आहे. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. बैलहोंगल भागात आमचे एक नातलग कापूस करतात; पहिली काही वर्षे बोंडअळीची फवारणी जवळजवळ बंद झाली असे तेच कौतुकाने सांगत. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या, म्हणजे बीटी नसलेल्या, कापसाचे वेगळे पाकीट येत असे. ते शेताच्या कडेने लावायचे असते, म्हणजे काही अळ्या साध्या झाडांवर जगतात, विषाला सरावलेल्या अळ्यांशी त्यांचा संकर होतो आणि अळीची सारी जात विषाला दाद देईनाशी होण्याचा काळ लांबतो. एका दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो असता माळ्यावर अशी सात-आठ पाकिटे दोरीने बांधून ठेवलेली पाहिली. विचारल्यावर ते म्हणाले, “अळी लागणारं बी मुद्दाम कोण लावील?” त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. पाकिटातल्या कागदावर सूचना कन्नडमध्ये होत्या, त्यांना कन्नड उत्तम येते. पण त्या सूचनेमागचे कारण त्यांना कोणीही समजावून सांगितलेले नव्हते. पुढे गुलाबी बोंडअळी आधी एका जनुकाला आणि नंतर दोन जनुकांच्या बियाण्यालाही पुरून उरली. २०१७ मध्ये विदर्भात तिने कापसाची केलेली मोठी नासाडी आपल्या वाचकांना आठवत असेल. वांग्यातही तेच जनुक आणि तशीच हट्टी अळी आहे. पाच-सहा गुंठ्यांच्या तुकड्यात साधी वांगी कोण आणि कोठे लावणार, याचे उत्तर बीटी वांग्याच्या समर्थकांकडून मला अजून मिळालेले नाही.

आता ताटाकडे येतो. देशातला बहुतेक कापूस बीटी आहे, त्यामुळे सरकीही बीटी आहे. तिची पेंड आमच्या म्हशी वर्षानुवर्षे खात आहेत आणि तिचे तेल फरसाणापासून डब्यातील तेलापर्यंत सर्वत्र जाते. सोयाबीनचा प्रकार तर आणखी गमतीचा आहे. आपल्या जिल्ह्यात पिकणारे सोयाबीन जनुकीय बदलाचे नाही, कारण त्याच्या लागवडीला देशात परवानगीच नाही. परंतु ते विकून शेतकरी घरी जाताना तेलाची जी पिशवी नेतो, तिच्यातले तेल अर्जेंटिना वा ब्राझीलमधील जनुकीय बदलाच्या सोयाबीनचे असू शकते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे त्या तेलाने काही अपाय होईल असे मला वाटत नाही. पण ते काय आहे, हे पिशवीवर लिहिलेले असावे की नाही? १ जानेवारी २०१३ पासून अशा अन्नाच्या वेष्टनावर ‘जीएम’ ही अक्षरे छापावीत असा केंद्राचा नियम झाला होता. हे पत्र लिहिण्यापूर्वी मी आमच्या गल्लीतील किराणा दुकानात चष्मा लावून नऊ प्रकारच्या तेलपिशव्या उलटसुलट पाहिल्या. एकीवरही ती अक्षरे नव्हती. दुकानदाराला वाटले, मी मुदत संपल्याची तारीख शोधतो आहे. जनुकीय मोहरीच्या खटल्यात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मोहरीच्या परवानगीविषयी मतभेद झाले, तरी आयात होणाऱ्या अशा तेलाच्या बाबतीत वेष्टनावरील माहितीचा कायदा पाळावा, याविषयी मात्र दोघांचे एकमत होते.

हा प्रश्न आता अधिक नाजूक होणार आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक संपादनाने तयार केलेले दोन भातवाण जाहीर केले. त्यांतील ‘कमला’ हा सांबा मसुरीपासून घडवलेला आहे. त्यात बाहेरचे जनुक ठेवलेले नसते, भाताच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेला असतो, आणि २०२२ मध्येच केंद्राने अशा पिकांना जनुकीय पिकांच्या कडक नियमांतून वगळले आहे. शास्त्राच्या दृष्टीने मला ते समर्थनीय वाटते. मात्र ते बी उद्या खानापूरच्या भातशिवारात आले, तर ते काय आहे हे पेरणाऱ्याला आधी कळायला हवे. खानापूर, बेळगाव आणि निपाणी तालुक्यांतील कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांत अशी माहिती कन्नडबरोबर मराठीतही लावावी, एवढी साधी मागणी मी या पत्राद्वारे करतो. यात भाषेचे राजकारण पाहू नये. माळ्यावरची ती पाकिटे मी पाहिलेली आहेत.

बियाण्याच्या मालकीविषयी थोडक्यात लिहितो. विद्यापीठाची बीटी वांगी सरळ वाणाची होती, म्हणजे त्यांचे बी शेतकऱ्याला घरी धरता आले असते. कंपनीच्या संकरित बियाण्याचे तसे नसते. दुसरीकडे, स्थानिक वाण वापरताना २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परवानगी घेतली गेली नाही असा आक्षेप घेतला गेला आणि तो वाद धारवाडच्या न्यायालयापर्यंत पोहोचला. तंत्र सुरक्षित असणे आणि मूळ वाण ज्यांनी जपला त्यांचा त्यावर हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसरी निकालात निघत नाही.

शेवटी एक विनंती. कुडची लोकलचे मूळ बी मी दोन हंगाम शोधतो आहे. बेळगावातल्या बियाण्याच्या दुकानांत नाव सांगितले की संकरित वाणाचे रंगीत पाकीट पुढे येते. रायबाग, कुडची, उगार या भागातील कोणा वाचकाच्या परसात ते वांगे अजून असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावे आणि आपण ते पत्र माझ्याकडे पोहोचवावे. चार-पाच पिकल्या फळांचे बी मिळाले तरी पुरे; टपालखर्च मी पाठवीन.

कळावे,
आपला एक वाचक,
ता. बेळगाव