सेल्फ फिरतो, गाडी धरत नाही : आमच्या मेस्त्रींना जाहीर आभारपत्र

मेस्त्री,

स. न. वि. वि.

कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कार्बोरेटरच्या मारुती ८००, ओम्नी आणि एखाददुसरी प्रीमियर पद्मिनी अजून रस्त्यावर ठेवणाऱ्या आम्हा गाडीवाल्यांचे हे पत्र. दुरुस्तीची मजुरी तुम्ही घेतलीत, आम्ही दिली, तो हिशेब मिटला. आभार आहेत ते वेगळ्या गोष्टीचे. बोनेट उघडल्यावर तुम्ही मालकाला लांब बाकावर बसवत नाही. शेजारी उभे करता आणि काय तपासता, कशासाठी तपासता ते बोलत बोलत काम करता. ‘आधी बघ, मगे खोल’ हे तुमचे वाक्य आता आमच्याही तोंडी बसले आहे. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही म्हटले की कॉइल (प्लगच्या ठिणगीचा करंट बनवणारी), प्लग, पंप असे सगळे एका दमात विकत आणायची इकडची खोड त्या वाक्याने मोडली.

तुमची पहिली तपासणी कानाने होते. सेल्फ ओढत, कण्हत फिरला तर बाकीचे राहू दे, आधी बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर कॉइललाच पुरेसा करंट मिळत नाही. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी ठीक, हा समज तिथेच संपतो. किनाऱ्यावर खारा वारा अर्थिंगची पट्टी आतून खातो, वरून ती धड दिसते. म्हणून व्होल्टमीटरची एक टोच बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले की पट्टी काढून घासायची, नाहीतर बदलायची. खुंटावरची हिरवी-पांढरी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायची आणि वर व्हॅसलीन.

उलट सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर आणि एकाच सुरात फिरला तर टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनचा कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या पट्ट्याचा संशय. ८०० च्या इंजिनात डेल्को (डिस्ट्रिब्युटर, आतल्या फिरत्या रोटरने प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा) आणि पेट्रोल ओढणारा एसी पंप दोन्ही कॅमशाफ्टवर चालतात, त्यामुळे बेल्ट तुटला की स्पार्कही जातो आणि पेट्रोलही. हे ठाऊक नसलेला माणूस आधी कॉइल बदलतो, मग पंप बदलतो आणि गाडी तिथेच. तुमचा उपाय फुकटचा आहे: डेल्कोची कॅप काढा, कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि रोटरकडे बघा. रोटर फिरत नसेल तर पुढे किल्ली मारू नका.

रोटर फिरतो आहे, तर मग स्पार्क. पेट्रोल त्यानंतर, कारण आधी पेट्रोलच्या नळ्या सोडल्या आणि मग ठिणगी पाडली तर बोनेटखालीच होळी. एक सुटा प्लग वायरीला जोडून त्याचे लोखंड ब्लॉकला घट्ट टेकवायचे, इन्सुलेशनच्या पकडीने धरायचे आणि सेल्फ मारायचा. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट आणि अशक्त असेल तर ती उघड्या हवेत दिसते, सिलिंडरच्या दाबाखाली विझते.

ठिणगीच नसेल तर दोन वायरींचा बारा व्होल्टचा साधा बल्ब. आमच्या मते तुमच्या पेटीतले सर्वात मोलाचे हत्यार हेच. एक टोक बॉडीला, दुसरे कॉइलच्या पॉझिटिव्हला. किल्ली ऑन केल्यावर बल्ब लागला पाहिजे आणि सेल्फ फिरत असतानाही लागलेलाच राहिला पाहिजे. जुन्या इग्निशन स्विचमध्ये ऑनला करंट येतो आणि सेल्फ मारताना जातो, हे ज्याने पाहिले नाही तो दिवसभर डेल्को खोलून बसेल. याच्या उलटही होते: सेल्फ मारताना इंजिन धरते आणि किल्ली सोडली की मरते. तेव्हा स्विचचा ऑनचा संपर्क बघायचा आणि कॉइलला बॅलास्ट (करंट कमी ठेवणारा रेझिस्टर) असेल तर तोही.

मग तोच बल्ब कॉइलच्या निगेटिव्हला. सेल्फ फिरताना तो उघडझाप करायला हवा. सतत लागून राहिला तर पॉइंट (डेल्कोतली, उघडमीट करून कॉइलचा करंट तोडणारी जोडी) मिटत नाहीत: मध्ये मळ आहे, गॅप फार आहे किंवा डेल्कोच्या आतली अर्थिंगची वायर तुटली आहे. सतत विझलेला असेल तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर (पॉइंटवरची चकमक शोषणारा) शॉर्ट आहे किंवा कॉइलचे आतले वेटोळे तुटले आहे. एका बल्बात एवढे कळते.

पॉइंटचे दुखणे आपल्याकडे जास्त. गाडी महिनाभर मांगरात उभी राहिली की दमट हवेने पॉइंटच्या तोंडावर डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि करंट अडतो. बारीक कानशीने एक-दोन हात, मग कोरे पोस्टकार्ड मिटलेल्या पॉइंटमधून ओढून घ्यायचे, म्हणजे भुकटी आणि तेलाचा अंश निघतो. गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर. फिलर गेज घालताना पॉइंटची टाच कॅमच्या ऐन उंचवट्यावर हवी. ही टाच झिजली की गॅप आपोआप कमी होत जातो, म्हणून कॅमवर ग्रीसचे बोट फिरवायचे, पण इतके नाही की उडून पॉइंटवर बसेल. आणि पॉइंट मिटलेले असताना किल्ली ऑन ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, कॉइल तापते. यावर तुम्ही ओरडता ते योग्यच आहे.

कंडेन्सरवरून आमचा-तुमचा वाद होता. आम्ही मीटरवर ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅराड बघून तो पास करायचो, तुम्ही नवा लावून बघायचात. मान्य, तुमचे बरोबर. मीटरच्या किरकोळ व्होल्टवर चांगला दिसणारा कंडेन्सर चालू कामात, ताण आल्यावर फुटतो. आतून सुटलेल्या कंडेन्सरची खूण म्हणजे पॉइंटवर मोठी निळी चकमक आणि प्लगवर मात्र पिवळी मरगळलेली ठिणगी.

कॉइलमधून स्पार्क येतो, प्लगपर्यंत पोचत नाही, ही खास पावसाळ्यातली तक्रार. सकाळी गाडी धरत नाही, दुपारी ऊन पडल्यावर धरते. कॅप कोरड्या फडक्याने पुसायची आणि उजेडात तिरकी धरून आत बघायचे. पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर करंट तिथून पळतो आहे आणि ती कॅप पुसून सुधारत नाही. मधला कोळशाचा खिळा स्प्रिंगवर हलतो का तेही बघायचे. रोटर फुटला आहे का याची तुमची चाचणी फार कमी लोकांना ठाऊक आहे: कॉइलची जाड वायर कॅपमधून काढून तिचे टोक रोटरच्या पितळेपासून ५-६ मिलिमीटरवर पकडीने धरा, किल्ली ऑन करा आणि लाकडी काडीने पॉइंट उघडा. ठिणगी रोटरवर उडाली तर रोटरमधून करंट खाली दांड्यात जातो आहे. वरून बघणाऱ्याला असा रोटर अगदी नवाकोरा वाटतो.

स्पार्क चांगला असेल तर सगळे जोडून घ्यायचे आणि सिरिंजने दोन-तीन मिली पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात सोडायचे. एअर फिल्टर परत बसवून मगच सेल्फ, कारण बॅकफायर झाला तर ज्वाळ वर येते. इंजिन धरून लगेच मेले तर दोष पेट्रोलच्या वाटेवर. मग एसी पंपाची बाहेरची नळी बाटलीत, कॉइलची जाड वायर काढून अर्थला, आणि सेल्फ. पेट्रोल झटक्याझटक्याने जोरात पडायला हवे. पडले नाही तर आधी टाकीचे झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा सुसाट आवाज आला तर टाकीचा श्वास कोंडला होता, पंपाचा दोष नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आहे. अशा वेळी पंपाबरोबर ऑइलही बदलायचे.

तीच बाटली दहा मिनिटे स्थिर ठेवायची. तळाला वेगळी रेघ धरली तर पाणी. आताच्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते थोडे पाणी स्वतःत मुरवून घेते, पण पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही एकत्र खाली बसतात आणि पंप नेमके तेच ओढतो. वरून नवे पेट्रोल ओतून भागत नाही, टाकी खालूनच उतरवावी लागते. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवली की मोकळ्या जागेत दमट हवा शिरते, म्हणून आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, घरात तांदूळ-लाकडे भरतो तशी टाकीही भरून ठेवा, हा तुमचा सल्ला आम्ही पाळतो.

चाकरमान्यांच्या गाड्या वर्षभर उभ्या असतात आणि चतुर्थीला एकदम हव्या असतात. त्यांना एक निरोप: कार्बोरेटरची वाटी सुकलेली असते, ती भरायला पंपाला वेळ लागतो. दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती, असे तीनदा. हा बिघाड नव्हे. त्यानंतरही नाही धरली तर वाटीतली सुई चिकटलेली असू शकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके ठोकावे. प्लग काळे आणि ओले निघाले तर उलट प्रकार, ओव्हर झाली आहे, म्हणजे आत पेट्रोल जास्त गेले आहे. चोक लावायचा नाही, ॲक्सिलरेटर एकदाच तळाला दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि पाच-सात सेकंद सेल्फ.

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी कार्बोरेटरमधून फटाके वाजतात? ८०० च्या तीन सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-३-२. कॅप पुसताना वायरी उलटसुलट लागलेल्या असतात, म्हणून काढण्यापूर्वी रंगीत दोरा बांधायचा. नाहीतर डेल्कोचा बोल्ट सैल होऊन टायमिंग हललेले असते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरचा दाब, सगळ्यात शेवटी.

एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या) गाड्यांचे थोडक्यात: किल्ली ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा, दोन्ही हवेत. घरघर नसेल तर फ्यूज, रिले, पंपाची अर्थिंग. दिवाच लागत नसेल तर ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा) करंट बघायचा. घरघर आहे पण स्पार्क नाही आणि इंजेक्टरही गप्प, तर क्रँकचा सेन्सर. त्याहीआधी वायरी उंदरांनी कुरतडल्यात का ते बघायचे.

तुमच्या सांगण्यावरून आता प्रत्येकाच्या डिकीत एक पिशवी असते: पॉइंट-कंडेन्सरचा सेट, रोटर, एक प्लग, बल्ब, फिलर गेज, पोस्टकार्ड. यापायी तुमचे गिऱ्हाईक कमी झाले असेल तर त्याला तुम्हीच जबाबदार आहात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
सिंधुदुर्गातील जुन्या गाड्यांचे मालक