आईच्या नव्या कॅप्सूलबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, आईचं नवं औषध व्होक्लोस्पोरिन हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची साखळी), म्हणजे इन्सुलिनच्याच जातीचं, मग इंजेक्शन कसं नाही? इन्सुलिन पोटात पचून जातं. व्होक्लोस्पोरिन ही सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या जुन्या औषधासारखी 11 अमिनो आम्लांची बंद कडी आहे, पाचक रसांना ती सहज तुटत नाही. ती टी-पेशींमधलं (प्रतिकारशक्तीच्या पेशींमधलं) कॅल्सिन्युरिन हे त्यांना चेतवणारं प्रथिन अडवते, त्यामुळे मूत्रपिंडावरचा हल्ला भडकवणारे संदेश थांबतात. गाळणीच्या पेशींनाही आधार मिळतो, म्हणून लघवीतलं प्रथिन लवकर घटतं. ल्युपसमुळे (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) होणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजारासाठी अमेरिकेत तिला 2021 साली मान्यता मिळाली. 357 रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने मूत्रपिंड पूर्ण सावरलेले ही कॅप्सूल जोडलेल्यांत 41 टक्के, नुसत्या मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि स्टेरॉइडवर 23 टक्के. तेव्हा ती दोन औषधं सुटायची नाहीत, ही त्यांच्या जोडीला आहे.

आई, 7.9 मिग्रॅच्या 3 कॅप्सूल सकाळी, 3 रात्री. उपाशीपोटी, अख्ख्या गिळायच्या. मध्ये 12 तास, निदान 8 तरी. चुकली तर 4 तासांच्या आत घे, नाहीतर सोडून दे. दुप्पट कधीही नको.

मला काळजी वाटते ती एकाच गोष्टीची: हेच औषध मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आवळतं. त्यामुळे बीपी चढतं, ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं त्याचा आकडा) उतरतो. पहिला महिना दर दोन आठवड्यांनी, मग वर्षभर दर चार आठवड्यांनी ईजीएफआर तपासायचाच. तो 60 च्या खाली जाऊन मूळ आकड्यापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त घसरला तर डॉक्टर प्रत्येक वेळची एक कॅप्सूल कमी करतात; 30 टक्के किंवा जास्त घसरला तर औषध थांबवतात. बीपी 165/105 च्या वर असेल तर सुरूच करत नाहीत. पोटॅशियमही बघायला सांगा.

क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) कुणी लिहून दिलं तर आधी व्होक्लोस्पोरिन चालू असल्याचं सांगा, त्यांच्यामुळे व्होक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढतं. ग्रेपफ्रूटही नको. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नकोस गं. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

आणि बाबा, ऑनलाइन मिळणाऱ्या ‘इम्युन पेप्टाइड’च्या कुप्या मागवू नका. त्यांत मिळणारं थायमोसिन अल्फा-1 टी-पेशींना चेतवायला वापरतात. आईच्या तर शांत करायच्या आहेत.

24 आठवड्यांत फायदा दिसला नाही तर पुढे चालू ठेवायचं का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवू. दर रिपोर्टचा फोटो मला पाठवा, आणि सुरुवातीचा ईजीएफआर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तुमची लेक